चष्मा, सॉस आणि जॉन ट्रॅव्होल्टा

लॉस एंजेलिसला भाचीकडे गेलो, तेव्हा तिनं हौसेनं विचारलं, "मामा, तुला काय बघायचंय? डिस्नेलँड?" मी पडलो सिनेमातला जाणकार. म्हटलं, "ते सगळेच बघतात. मला जॅक रॅबिट स्लिम्समध्ये जेवायचंय."

फोनवर ते सापडेना. "तुझ्या फोनला काय कळतंय!" म्हणत मी खाणाखुणा सांगू लागलो. बसायला उघड्या टपाच्या जुन्या मोटारी, भिंतींवर पन्नासच्या दशकातली पोस्टरं, वाढायला मेरिलिन मन्रो. ऑर्डर घ्यायला बडी हॉली, म्हणजे स्टीव्ह बुसेमी; 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये टिप द्यायला नकार देणारा तोच. दिग्दर्शक टॅरँटिनोनं त्याला वेटर करून चांगली अद्दल घडवली! शिवाय उमा थर्मनचा तो पाच डॉलरचा मिल्कशेक.

जावईबापू शांतपणे म्हणाले, "मामा, 'पल्प फिक्शन'मधलं ना? तो सेट होता. कल्व्हर सिटीतल्या एका गोदामात लावलेला."

१९९४ च्या त्या सिनेमातलं मेनूकार्ड मला तोंडपाठ. डग्लस सर्क स्टेक करपवून मागवायचा की कच्चट, हेही मी ठरवून आलो होतो. वास्तविक मी शाकाहारी.

माझी समजूत काढायला दोघांनी मला त्याच थाटाच्या एका हॉटेलात नेलं. लाल रेक्झिनचे बाक, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. मिल्कशेक इतका घट्ट, की ओढून ओढून माझे गाल आत गेले, शेक काही वर येईना. तेवढ्यात सिनेमातल्या ट्विस्टचं, चक बेरीचं ते गाणं लागलं. (ते १९६४ चं, पन्नासच्या दशकातलं नव्हेच, हे जावईबापूंना ऐकवून मी उरलीसुरली पत सावरली.) आणि मला राहवेना.

ट्रॅव्होल्टा मोज्यांवर नाचतो, म्हणून मी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, हे तेव्हा कळलं. गुडघे कुरकुरले, तरी ट्विस्ट बरा जमत होता. मग दोन बोटं डोळ्यांसमोरून आडवी नेण्याची ती प्रसिद्ध अदा केली. ट्रॅव्होल्टाला चष्मा नव्हता, हा तपशील मात्र माझ्या अभ्यासातून निसटला होता. माझा चष्मा उडाला आणि शेजारच्या टेबलावरच्या सॉसच्या वाटीत उताणा पडला.

भाचीनं त्या मंडळींची माफी मागून त्यांना नवे फ्राइज मागवले. वेट्रेसला जबरदस्त टिप दिली. बिल आलं, तेव्हा चष्मा पाण्याच्या ग्लासात भिजत होता, त्यामुळे मला आकडा दिसला नाही. जावईबापूंनी तो वाचून दाखवला नाही.