वाटून घेतलेला आळस

सामायिक परसबाग उत्साहाअभावी मरते, असा सर्वसाधारण समज आहे. यवतमाळ जिल्ह्यात तरी हा समज एकदा तपासून घ्यायला हवा. शाळेच्या पोषण आहारासाठी वर्गामागे केलेली बाग असो, 'उमेद'च्या बचत गटातल्या महिलांची असो, नाहीतर पाण्याच्या टाकीशेजारच्या मोकळ्या जागेत कॉलनीतल्या चार घरांनी मिळून केलेली असो. नवशिक्यांच्या हातात गेलेल्या बागेला मुख्य रोग जडतो तो उत्साहाचाच. त्याची साथ जुलैच्या आरंभी येते. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, म्हणून राज्यभर कृषिदिन. आणि नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, तेव्हा आपल्याकडे हे घरचंच कार्य. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उशिरा, त्याच सुमारास उघडतात आणि बरा पाऊस झालेला असतो. असे तीन योग जुळून आले की, कालपर्यंत मेथी फक्त जुडीत पाहिलेला माणूस कुदळ घेऊन उभा राहतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या हातात बियाण्याआधी बसायला खुर्ची द्यावी.

पुरावा पायाखालीच आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. तिला रोज पाजावं लागत नाही. पण बाग पाच जणांची असली की जाणारा-येणारा प्रत्येक सभासद 'कोणी घातलं नसेल' म्हणून बादलीभर ओततो. मुळांना हवा मिळेनाशी होते. मग वांग्याचं कोवळं रोप मातीलगत तपकिरी पडतं, तिथेच दोऱ्याएवढं बारीक होतं आणि वरची पानं हिरवी असतानाच मान टाकतं. ते पाहून समिती निष्कर्ष काढते, की पाणी कमी पडलं! जी रोपं यातून वाचतात त्यांच्यासाठी युरिया असतो. त्यात ४६ टक्के नत्र, आणि घालणारा हात मूठ भरून सढळ. झाड असं फोफावतं की लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. पानांखाली मावा सुखानं नांदतो, वांगं मात्र दिसत नाही. मेथीचं दुःख उलटं. सगळ्यांनी एकाच मुहूर्तावर फेकलेली मेथी महिन्याभरात एकाच दिवशी काढायला येते, आणि त्या आठवड्यात सभासद एकमेकांना दुरून पाहूनच रस्ता बदलतात.

यावर आक्षेप येईल, की उत्साह काढून घेतला तर काम कोण करणार? सामायिक मालमत्ता माणसाच्या हावरेपणानं उजाड होते, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. त्यांच्यासमोर कुरण होतं; तिथे जो तो आपलं एक जनावर जास्त सोडतो. परसबागेत जो तो एक बादली जास्त ओततो. लुटीनं उजाडणं आणि सेवेनं उजाडणं, एवढाच काय तो फरक. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लोक आपले नियम आपणच करून पाणी, जंगल, कुरण नीट सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल. नियमाचा अर्थ आज काम कोणी करायचं एवढाच नसतो. बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे, हाही असतो. आठवड्याच्या वारांप्रमाणे सात भाग पाडलेली गोल परसबाग मला म्हणूनच आवडते. सोमवारवाल्यानं मंगळवारच्या वाफ्याकडे पाहावं, उसासा टाकावा आणि घरी जावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळिसाकडे सरकतो, मातीला भेगा पडतात. तिथे आळस केला तर भाजी जागेवर वाळेल. खरं आहे. पण उन्हाळ्यावरचा इलाजही शहाण्या आळशाचाच आहे: सोयाबीनचं कुटार आळ्यात जाड पसरायचं, रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवायचं, आणि ते पाझरत असताना आपण सावलीत बसायचं. किडीसाठीही पंप काढायचं कारण नाही. फवारणीच्या विषबाधेनं २०१७ मध्ये या जिल्ह्यात माणसं दगावली. ज्या वाफ्यातली भाजी पोरांच्या ताटात जायची, तिथल्या अळ्या हातानं वेचाव्या.

आणि हे सगळं नवशिक्याला पटत नसेल, तर त्यानं एखाद्या जुन्याजाणत्या कास्तकाराला विचारावं. पाऊस उघडला म्हणून तो लगेच वावरात शिरत नाही. वाफसा येईपर्यंत धुऱ्यावर थांबतो, कारण चिखलात घातलेला पाय हंगामभर महागात पडतो. कामसू माणसाचं हे थांबणं आपल्याला जमणार नाही, तेव्हा ते नियमात बसवावं. बागेच्या फलकावर आज कोणाची पाळी आहे ते लिहितातच. त्याखाली, आज कोणी फिरकू नये, त्यांचीही नावं ठळक लिहावीत. भाजी किती निघेल याची हमी नाही. पण जी निघेल ती निदान पोहता येत नाही म्हणून मरणार नाही.