बॅग कुठपर्यंत?

बॅग वजनकाट्यावर चढली की काउंटरमागची मुलगी विचारते, "कुठपर्यंत?" एका तिकिटावर जाणारा माणूस गावाचं नाव सांगून मोकळा होतो. दोन वेगळी तिकिटं घेतलेला मात्र आधी बायकोकडे बघतो.

दोन तिकिटांचा उद्योग बहुतेक घरातल्या हुशार भाच्याचा असतो. नागपूर ते शिकागो असं एकच तिकीट महाग पडतं. नागपूर–मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई–फ्रँकफुर्ट–शिकागो दुसऱ्या कंपनीचं घेतलं की बरेच पैसे वाचतात, हे तो लॅपटॉप फिरवून दाखवतो. हिशेब चोख असतो. त्यात बॅग तेवढी धरलेली नसते.

मग नागपूरला मामा काउंटरवर वकिली करतात. "माणूस मीच, बॅग तीच, तारीखही तीच. मग शिकागोपर्यंत टाकायला काय हरकत आहे?" मुलगी म्हणते, "काका, पुढचं तिकीट वेगळं आहे ना, मुंबईला घ्यावी लागेल." मामांच्या दृष्टीने हा एक प्रवास आहे. कंपनीच्या दृष्टीने मामा मुंबईला उतरले की संपले. ते पुढे शिकागोला जातात की दादरला, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नागपूरचं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तरी पुढची कंपनी एवढंच म्हणणार की प्रवासी आलेच नाहीत.

बॅगेच्या पट्टीवर दहा आकडी नंबर असतो. त्यातले तीन आकडे कंपनी सांगतात, शेवटचे सहा त्या बॅगेचे. शेजारी मुक्कामाच्या विमानतळाची तीन अक्षरं ठळक छापलेली. खालच्या पट्ट्यांवरची यंत्रं तेवढंच वाचतात. भाचा किती हुशार आहे, हे त्या पट्टीवर कुठेच नसतं.

दुसऱ्या कंपनीच्या विमानात बॅग परस्पर चढायची, तर दोन कंपन्यांमध्ये तसा करार लागतो. ही एक सोयरीकच. बॅग कोणी कुठे सोपवायची, हरवली तर भरपाई कोणाच्या वाट्याला, हे सगळं आधी बोलून ठेवलेलं असतं. स्वस्त कंपन्यांपैकी बऱ्याच जणी या फंदात पडत नाहीत. दुसऱ्याची बॅग सांभाळायची म्हणजे माणसं आली, वेळ आला, आणि स्वस्त तिकिटात ते बसत नाही. आणि सोयरीक असली तरी तिकिटं वेगळी असताना ती पाळायचीच, असं नाही. 'वनवर्ल्ड' या विमान कंपन्यांच्या युतीने २०१६ मध्ये ही सक्ती काढून टाकली आणि निर्णय ज्या त्या कंपनीवर सोडला. त्यामुळे "आमची तर थेट गेली होती" म्हणणारे काका आणि "आम्हाला साफ नाही म्हणाले" म्हणणारी मावशी, दोघंही खरं बोलत असतात. लग्नाच्या पंगतीत हा वाद मी ऐकला आहे. मठ्ठा येईपर्यंत मिटला नव्हता.

तिकीट फ्रँकफुर्टला तुटलं असेल तर प्रकरण आणखी रंगतं. बॅग तिथल्या पट्ट्यावर येणार, आणि तो पट्टा पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे. आपल्याकडे शेंगेन व्हिसा नसेल तर तिथे जाता येत नाही. म्हणजे मेतकूट आणि गोडा मसाला जर्मनीत दाखल, मालक काचेच्या अलीकडे. एवढं करून एकच तिकीट काढलं तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागतेच. परत येताना मुंबईलाही बहुधा तेच. 'थेट' या शब्दावर विमानतळावर फार विसंबू नये.

काउंटरवरच्या त्या 'नाही'चा मला राग येत नाही, त्याला एक कारण आहे. २२ जून १९८५ रोजी कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर एक प्रवासी आला. टोरांटोपर्यंतचं त्याचं तिकीट पक्कं होतं. पुढच्या एअर इंडियाच्या विमानात तो प्रतीक्षायादीवर होता. बॅग टोरांटोपर्यंतच जायला हवी होती. त्याने हट्ट धरला, मागे रांग वाढत होती, शेवटी पुढचा टॅग लागला. तो स्वतः विमानात चढलाच नाही, बॅग गेली. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर एअर इंडियाच्या त्या 'कनिष्क' विमानात स्फोट झाला आणि ३२९ माणसं गेली. बॅग विमानात आणि तिचा मालक जमिनीवर, असं होऊ द्यायचं नाही, हा नियम आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर त्यानंतर कडक झाला. आता कोणी आपल्याला "नाही" म्हणालं की मी "बरं" म्हणतो. मामांनाही 'म्हणून बघा' असं सांगितलं. ते म्हणाले, "मी काय बॉम्ब नेतोय? अनारसे आहेत."

खरी गंमत परतीच्या वाटेवर असते. अमेरिकेहून येताना बऱ्याच तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. दोघांच्या मिळून चार. लेकीने त्या ग्रॅमभरही कमी न पडू देता भरलेल्या असतात. मुंबईत सहारला बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं, आणि पुढचं विमान सांताक्रूझच्या टर्मिनलवरून असेल तर टॅक्सी करायची. दोन्ही टर्मिनलांच्या धावपट्ट्या त्याच, पण माणसांना आणि बॅगांना रस्त्याने वळसा. तिथे नागपूरच्या विमानाच्या काउंटरवर कळतं की देशातल्या तिकिटावर माणशी १५ किलो.

पुढे जे होतं ते फरशीवर होतं. बॅगा उघडतात. बदामाची पाकिटं हातातल्या पिशवीत जातात, बूट मामांच्या पायात, जुन्या चपला कचरापेटीत. व्हिटॅमिनच्या बाटल्या खिशात खुळखुळतात. बॅगेतलं सामान अंगावर घातलं तर ते सामान राहत नाही, हा शोध मामींचाच. ऐन मे महिन्यात, मुंबईत, त्या एकावर एक दोन स्वेटर आणि वर जावयाने दिलेलं जाकीट चढवतात, केसांवरून हात फिरवतात आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवायला लावतात.

काउंटरवरचा मुलगा आकड्याकडे बघतो, मग जाकिटाकडे.

"काकू," तो हळूच म्हणतो, "अजून चाळीस किलो."