पोटदुखे, आत या!

दाताच्या दवाखान्यात गालावर हात ठेवून बसलो होतो. कंपाउंडरने दारातून डोकं काढून हाक मारली, "पोटदुखे, आत या!" बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारच्या आजी कळवळल्या. "अरे बापा, हे दाताचे डाक्टर हायेत. पोटाचे पलीकडच्या गल्लीत बसतात." मी त्यांना सांगितलं, आजी, दुखतोय दातच, पोटदुखे हे नुसतं आडनाव आहे. त्यांना ते पटलं नाही. मी आत जाईपर्यंत त्या पदराच्या गाठीतला ओवा सोडत होत्या.

आडनाव हे नावाच्या आड असतं म्हणे. आमचं कधी आड गेलंच नाही, ते नावाच्या दोन पावलं पुढेच चालतं. कुणाला बढती मिळते, कुणाचं घर बांधून होतं, मी मनापासून अभिनंदन करायला जातो आणि समोरचा आधी हसून घेतो. पोटदुखे आलाय म्हणजे याच्या पोटात दुखत असणारच! बत्तीस वर्षं नोकरी केली. एवढ्या काळात मी कुणावर जळलो असं कुणाला दाखवता आलं नाही, पण मला निर्दोषही कुणी ठरवलं नाही.

त्यात बायको केली ती ताकसांड्यांची. लग्नपत्रिकेवर ही दोन आडनावं शेजारी शेजारी छापली गेली, तेव्हा सगळ्या गोतावळ्यात पत्रिकेचं सामुदायिक वाचन झालं. पोटदुखीवर ताक उत्तम, यावर एकमत होतं. पण ते आधीच सांडलेलं, ही हळहळही होती. बँडवाल्यानेसुद्धा विचारलं, "नवरदेवाची तब्येत बरी हाय ना जी?"

हे आडनाव आलं कुठून, याच्या घरात तीन कथा आहेत. आजोबा पटवारी होते. त्यांची कथा कागदोपत्री. सातबारावर 'पोटखराब' म्हणून एक नोंद असते. नाला, खडक, पायवाट अशी शेतातली न पिकणारी जागा तिथे मांडतात. आमच्या मूळपुरुषाच्या पाच एकरांत साडेतीन एकर पोटखराब निघालं आणि ते ऐकून त्याला जे दुखलं ते आडनावात उतरलं, असं आजोबा सांगायचे. बाबांच्या कथेत तोच मूळपुरुष पैजेवर बावीस पुरणपोळ्या खातो. आत्याचं म्हणणं वेगळंच. गावात वेठीचं काम निघालं की हा गडी पोट धरून ओसरीत आडवा व्हायचा. खानदानाचा एकूण स्वभाव पाहता मला आत्याचीच कथा खरी वाटते.

गेल्या दिवाळीत चिरंजीव पुण्याहून आले ते आडनाव बदलायचं ठरवूनच. नोकरी हिंजवडीला, वय अठ्ठावीस, आणि तयारी वकिलासारखी. म्हणाला, "पेशव्यांचं आडनाव भट होतं, ठाऊक आहे? नाना फडणवीस मुळात भानू. हुद्द्याने आडनाव गिळलं, कुणाचं काय बिघडलं? दीनानाथांनी तर मंगेशी गावावरून मंगेशकर हे स्वतःच घेतलं."

"त्यांना गाता येत होतं," आमची ही म्हणाली.

तरी फराळाच्या ताटांभोवती बैठक बसलीच. गावावरून घ्यावं, तर आमचं मूळ गाव पुलगावजवळचं नाचणगाव. नाचणगावकर! पोटाचं दुखणं जाऊन अंगात आल्यासारखं वाटलं असतं. हुद्द्यावरून घ्यावं, तर चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांतला 'नीस' म्हणजे फारशीतला 'नवीस', लिहिणारा. एकाने चिठ्ठ्या लिहिल्या, दुसऱ्याने खजिन्याचा हिशेब, तिसऱ्याने फारशी कागद. आमचे चिरंजीव दिवसभर लिहितात ते कोड. 'कोडनीस' ऐकून आत्याने विचारलं, "अंगावर आलं काय रे पोराच्या?" मी 'हप्तेकर' सुचवलं, कारण त्याच्या फ्लॅटचे अजून सतरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. त्यावर तो नुसताच माझ्याकडे पाहत राहिला.

मग आकड्यांकडे वळलो. महाराष्ट्रात पाचपुते आहेत, सातपुते आहेत, अष्टपुत्रे आणि दशपुत्रेही आहेत. पोरं दहावर थांबली, बुद्धी मात्र थेट सहस्रबुद्ध्यांपर्यंत गेली. स्वतःबद्दल इतकं मोठं विधान आधारकार्डावर कायमचं छापून घ्यायला छाती लागते, आणि ती आमच्यात नाही. शिवाय आपल्या मुलखात मानमोडे आहेत, डोईफोडे आहेत, नाकतोडे आहेत. त्या मानाने आमचं दुखणं साधं ओव्यावर जाण्यासारखं, हा माझा मुद्दा कुणी टिपूनसुद्धा घेतला नाही.

शेवटी बाबांनी चकलीचा तुकडा खाली ठेवला. वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून ग्रामसभेचा. "चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे १९८० पासून सलग चार वेळा खासदार झाले. दिल्लीत अर्थखात्यात मंत्री होते. साऱ्या देशाच्या तिजोरीजवळ पोटदुखे बसले, तवा कोणाच्या पोटात दुखलं नाही. तुलेच काऊन दुखते रे?"

यावर उत्तर नव्हतं. पण हल्लीच्या पोरांना उत्तर लागत नाही, त्यांना फॉर्म लागतो. त्याने तो आणलाच होता. शपथपत्र करायचं, अर्ज भरायचा, मग राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापून येणार. म्हणजे ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं त्यांनाही सरकारी खर्चाने, नव्हे आपल्याच खर्चाने, कळणार की हे पूर्वीचे पोटदुखे. त्यानंतर आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, विमा, फ्लॅटचे कागद. ती यादी वाचता वाचता त्याच्याच चेहऱ्यावर आडनाव उमटायला लागलं. आणि 'नवीन आडनाव' ही जागा तर कोरीच होती.

"पण एवढी घाई कशाला?" मी विचारलं. "अठ्ठावीस वर्षं चाललं, आताच काय झालं?"

तो गप्प. ताटातली करंजी उगाच फिरवत बसला. आई या जातीला अशा गप्प बसण्याचा अर्थ लगेच कळतो. ही हातातला झारा तसाच धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मुलगी कुठली?"

"पुण्याचीच. ऑफिसातली." कान लाल. "तिच्या घरी अजून माझं नुसतं नावच सांगितलंय. आडनाव सांगायचंय. ती म्हणते, तुझं काहीही असो, लग्नानंतर मी माझंच ठेवणार."

"ठेवू दे की. तिचं काय आहे?"

करंजी फिरायची थांबली. बाबांनी कानाचं यंत्र नीट बसवलं.

"हिंगे."

दोन क्षण घरात कुणी हललं नाही. मग ताकसांड्यांच्या लेकीने झारा ताटावर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "घेऊन ये तिला. माझ्या ताकात तेवढाच कमी होता."