पाव जीबी गुण्या सरांचा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही आयटीआयमध्ये जा, कार्यशाळेच्या एका कोपऱ्यात हे गृहस्थ सापडणारच. पद शिल्प निदेशक. व्यवसाय सरकारी कागदावर जोडारी, पोरांच्या तोंडी फिटर. अंगात निळा ॲप्रन, खिशात पोलादी पट्टी आणि स्क्रायबर, हातात काटकोन तपासायचा गुण्या. आमच्या संस्थेतल्या नमुन्याला पोरं गुण्या सरच म्हणतात आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. काटकोन सोडून वागणारी कुठलीच गोष्ट त्यांना खपत नाही. पोरानं घासलेला जॉब असो, कँटीनचा समोसा असो की वरून आलेलं परिपत्रक, सर डोळा बारीक करतात आणि निकाल देतात, "गुण्यात नाही."

ब्लेंडेड लर्निंगचंही तेच झालं. थोडं पडद्यावर, थोडं बेंचवर शिकवायचं, असं ठरून वर्गात भलामोठा इंटरॲक्टिव्ह पॅनल आला. प्राचार्यांनी नारळ हातात घेतला आणि सर कार्यशाळेत जाऊन स्पिरिट लेव्हल घेऊन आले. पॅनल डावीकडं कलला होता. बसवणारा पोरगा पुढच्या गावाला निघाला होता, त्याला फोन करून माघारी बोलावलं. तोवर नारळ टेबलावर.

मग पासवर्डचा प्रश्न आला. कोपाच्या मॅडम, म्हणजे कॉम्प्युटर ट्रेडच्या, तरुण आणि सोशिक. त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. "कागद हरवतो मॅडम," असं म्हणून सरांनी माइल्ड स्टीलची एक पट्टी कापली, चारी कडा घासल्या आणि लेटर पंचनं त्यावर पासवर्ड ठोकून ती पॅनलशेजारी टांगली. अख्ख्या संस्थेला दिसेल अशी. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो, हे मॅडमनी समजावल्यावर सरांनी पट्टी उलटी करून टांगली. आता तिथं अशा पट्ट्यांची रांग आहे, कारण पासवर्ड बदलतो. जुनी पट्टी काढायला सर तयार नाहीत. फिनिश चांगलं आलंय म्हणे.

पण डिजिटल म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतले हे गृहस्थ नव्हेत. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीत कार्यशाळांना कुलूप लागलं, तेव्हा पोरं आपापल्या गावी आणि कानशी कपाटात. भारत स्किल्सचं पोर्टल त्याआधीच, २०१९ मध्ये, सुरू झालं होतं. चेन्नईच्या निमी संस्थेची पुस्तकं आणि प्रश्नसंच त्यावर होते. सरांनी ते सगळं पाहिलं आणि मॅडमना विचारलं, "यात हात कुठं घालायचा?"

मग त्यांनी स्वतःच वाट काढली. व्हर्नियर घरी कुणाकडं असणार? म्हणून पुठ्ठ्याचा करायला लावला. मुख्य पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, सरकत्या पट्टीवर ९ सेंटिमीटरचे १० भाग पाडायचे. खरा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत सांगतो, पुठ्ठ्याचा एका मिलिमीटरवर थांबतो. पण वाचायची रीत तीच. तुकडीतल्या २० पोरांनी गावभर मापं घेतली. कुणी आजीची पाटली मोजली, कुणी भाकरीची जाडी. एकानं म्हशीच्या शिंगाचा व्यास फोटोसकट पाठवला. सरांचा उलट प्रश्न: "झीरो एरर तपासलास का?"

त्याच्याही पुढं जाऊन त्यांनी आवाज मागवले. ज्यांना गावच्या लोहाराकडून कानस मिळाली, त्यांनी विळा-खुरपं, कुदळ, मिळेल ते घासायचं आणि व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज पाठवायचा. कानस पुढं जातानाच कापते. मागं घेताना दाब द्यायचा नाही, नाहीतर दात मरतात. हे आम्ही पुस्तकात वाचतो, सरांना ऐकू येतं. संध्याकाळी ओसरीवर बसून, फोन कानाला लावून ते एकेकाला बोलत राहायचे, "येताना ओढतोयस लेका. पुन्हा पाठव." वहिनींनी शेवटी हात जोडले, "तव्यावर उलथनं घासलं तरी हे म्हणतात, पुन्हा पाठव."

कार्यशाळा उघडली तरी फोन सुटला नाही. पोरांना रोजचा दीड जीबी डेटा, त्यातला बहुतेक रील्सवर उधळलेला. सरांचा वटहुकूम निघाला: "दीड जीबीतला पाव जीबी माझा. उरलेल्यात नाचा." रात्री व्हिडिओ पाहून यायचं, सकाळी थेट शेगड्यावर, म्हणजे व्हाइसवर, जॉब बांधायचा. एका वाडीवरच्या पोराला घरात रेंजच नाही. तो देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन व्हिडिओ उतरवून घेतो. सर त्याला पहाटे साडेपाचला मेसेज टाकतात. पहाटे रेंज मोकळी असते, अशी त्यांची ठाम समजूत आहे. ती खोटी ठरवायला इतक्या लवकर उठणार कोण?

जॉबचा फोटोही मागवतात. गुण्या लावायचा, जॉब उजेडासमोर धरायचा आणि फोटो काढायचा. पातं आणि जॉब यांच्या मधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. एका हुशार चिरंजीवानं फोनमध्येच ती फट पुसून टाकली. सरांनी फोटो मोठा केला, चष्मा वर ढकलला आणि शांतपणे विचारलं, "जॉब झकास बसलाय. पण मागचा खिडकीचा गज कुठं गेला?"

व्हिडिओंना तर माफीच नाही. मशीन बंद पडल्याची नोंदवही असते तशी सरांकडं व्हिडिओंच्या दोषांची नोंदवही आहे. तारीख, व्हिडिओचं नाव, दोष, शेरा असे रकाने. 'हॅकसॉ ब्लेडचे दात मागच्या दिशेला.' 'ग्राइंडरवर गॉगल नाही.' 'कारागिराच्या शर्टाच्या बाह्या लोंबतात. गुण २० पैकी ६.' तपासणीला आलेल्या साहेबांपुढं त्यांनी ही वही ठेवली. साहेबांनी पानं उलटली, एका शेऱ्यावर हसू दाबलं आणि सही केली. त्या सहीचा फोटो सरांच्या फोनवर आहे.

एका बाबतीत मात्र ते पडद्यापुढं सपशेल वाकले. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधलं प्रोजेक्शन. वस्तू समोरून अशी, वरून तशी, बाजूनं कशी, हे खडूनं फळ्यावर दाखवता दाखवता त्यांची नोकरी सरत आली. पॅनलवर मॅडमनी एक लोखंडी ठोकळा बोटानं गरकन फिरवला आणि मागच्या बाकावरून "अच्छाऽऽ" असा आवाज आला. सर खाली येऊन पोरांच्यात बसले. "फिरवा पुन्हा," म्हणाले. तेव्हापासून प्रोजेक्शन आणि मायक्रोमीटरचं वाचन पडद्यावर. घासणं, ठोकणं, कापणं बेंचवर. ब्लेंडेड लर्निंगवरची प्रशिक्षणं मीही केली आहेत, पण काय कुठं शिकवायचं याची इतकी स्वच्छ वाटणी मला कुठल्याच स्लाइडवर दिसली नाही. प्रशिक्षणांत बहुतेक वेळ लॉगिन करण्यात जातो.

अखिल भारतीय परीक्षेचा लेखी भाग हल्ली संगणकावर होतो, म्हणून सर पोरांबरोबर स्वतःही सराव चाचणी देतात. माउस कानशीसारखा दोन्ही हातांनी धरतात. एक उत्तर चुकलं की मॅडमना हाक जाते, "उत्तर बरोबर आहे हो, प्रश्न गुण्यात नाही." मग निमीचं पुस्तक उघडतं, दोघं भांडतात, आणि अधूनमधून सर खरंच बरोबर निघतात. त्या दिवशी मॅडमना चहा मिळतो.

आता त्यांनी स्वतःचा व्हिडिओ केलाय. विषय: सपाट पृष्ठभाग काटकोनात घासणे. कॅमेरा मॅडमचा. काटछाट करायला सक्त मनाई, त्यामुळं लांबी चाळीस मिनिटं. "चार मिनिटांचा करू या सर, पोरं बघतील तरी," मॅडम काकुळतीला आल्या. "घासायला चाळीस मिनिटं लागतात तर बघायला चार कशी लागतील?" पोरांनी त्यावर आपला तोडगा काढला: दुप्पट वेग. हे सरांना कळलं ते दुसऱ्या दिवशी बेंचवर, कारण सगळी तुकडी पिसाळल्यासारखी कानस मारत होती. त्यांनी शिट्टी वाजवून काम थांबवलं आणि मॅडमना बोलावून व्हिडिओच्या सुरुवातीला आपल्या आवाजात सूचना टाकून घेतली, "हा व्हिडिओ पळवू नये. पळवल्यास ओळखू येते." पोरं ती सूचनाही दुप्पट वेगानंच ऐकतात. त्या वेगात सरांचा आवाज इतका किनरा येतो की एकानं तीच फोनची रिंगटोन करून टाकली. परवा ऐन थिअरीच्या तासाला ती वाजली. सर थबकले, कान टवकारले, म्हणाले, "कोण आहे रे हा? बोलतोय अगदी बरोबर."