थेंब बुडाला की दाता पास

रक्तदान शिबिरातली परीक्षा एका थेंबाची. बोटाला टोचायचं आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. बुडाला तर तुम्ही दानशूर, तरंगला तर घरी जा. पाण्याची घनता 1.053 ठेवलेली असते, त्यात तळ गाठणाऱ्या थेंबात हिमोग्लोबिन साधारण 12.5 तरी असतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्या बाटलीच्या जागी यंत्र आलंय. पण प्रश्न जुनाच: याचं रक्त आज काढता येईल का? काढल्यावर याच्याकडे काय उरेल, हे विचारायला यंत्रालाही सवड नाही.

आता या 12.5चीच गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात पुरुषाचं हिमोग्लोबिन 13च्या खाली गेलं की तो ॲनिमियाचा रुग्ण. आपल्या नियमात 12.5 असलं की तो रक्तदाता. म्हणजे 12.7वाला गडी एकाच दिवशी एका कागदावर आजारी आणि दुसऱ्या कागदावर महादानी. बाईचं उलट. तिची ॲनिमियाची रेघ 12वर, म्हणून 12.2वाली धडधाकट, पण शिबिरात मात्र नापास. स्त्री-पुरुष समता सरकारला नेमकी इथेच सुचली.

बरं, हिमोग्लोबिन म्हणजे दुकानाच्या दर्शनी फळीवरचा माल. मागचं कोठार रिकामं होत आलं तरी फळी बरेच दिवस भरलेली दिसते. हे कोठार लोहाचं, आणि त्यात किती शिल्लक आहे ते सांगते फेरिटिनची तपासणी. ती शिबिरात होत नाही. पिशवीच्या मात्र पाच तपासण्या सक्तीच्या: एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया. घेणाऱ्याच्या जिवासाठी त्या हव्यातच. देणाऱ्याच्या वाट्याला तो निळा थेंब पुरे.

जमाखर्च तिसरीतल्या पोरालाही जमेल असा आहे. 350 मिलीच्या पिशवीतून साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जातं, 450 मिलीच्या पिशवीतून दोनशेच्या वर. आतडी एरवी दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेतात आणि त्यातलंही एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेत जातं. साठा घटला की शरीर जरा जास्त ओढून घेतं, पण ताटात असेल तर ना! आपला नियम पुरुषाला 90 दिवसांनी आणि बाईला 120 दिवसांनी पुन्हा झोपवतो. अमेरिकेतल्या दात्यांवरचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. लोहाची गोळी न घेणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोकांचा साठा 168 दिवसांनीही भरलेला नव्हता. ही बर्गर खाणाऱ्यांची कथा. वरण-भात-पोळीवाल्यांनी आपापला अंदाज बांधावा.

आपल्याकडे साठा भरायची सोय आहे, नाही असं नाही. सुई निघाली की लगेच ग्लुकोजची बिस्किटं आणि कडक चहा. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, हे आहारतज्ज्ञ घसा कोरडा होईस्तोवर सांगतात. तो ओला करायलाही आपण चहाच देतो. मग भेटवस्तू: हेल्मेट, डबा, ट्रॉली बॅग. 2020च्या डिसेंबरात मुंबईत प्रभादेवीच्या एका नगरसेवकानं रक्त देणाऱ्याला एक किलो चिकन किंवा पनीर देऊ केलं. लोक हसले. मला तर शिबिरांच्या इतिहासातली ही सर्वात शास्त्रीय भेट वाटली, निदान चिकनवाल्यांपुरती. पनीरवाले फसले. दुधाच्या पदार्थांत लोह नावालाच असतं.

यात भरडला जातो तो नेहमीचा, हक्काचा दाता. फोन आला की निघणारा. दादांच्या वाढदिवसाला, गणपतीत, महाराजांच्या जयंतीला, कुणाच्या तरी पुण्यतिथीला. ‘मागच्या वेळी कधी दिलंत?’ या रकान्यात तो सांगेल ती तारीख. त्याचं शतक झालं की शाल, श्रीफळ, ‘शतकवीर’. जिना चढताना त्याला धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, रात्री पाय वळवळतात, उगाच बर्फ चघळावासा वाटतो. लोह संपत आल्याच्या या खुणा आहेत. घरच्यांना वाटतं, वय झालं. कार्यकर्त्यांना वाटतं, दादांच्या पुढच्या वाढदिवसालाही येईल.

दादांच्या एका वाढदिवसाला पिशव्यांचा विक्रमी पूर येतो. लाल पेशी टिकतात 35 ते 42 दिवस. मे महिन्यात रुग्णाचे नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात उभे असतात, तेव्हा तो विक्रम कधीच मुदतबाह्य झालेला असतो. पिशवी फेकता येते. दात्याचं गेलेलं लोह मात्र मुदत संपली म्हणून परत येत नाही.

बायकांचं काय? महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका ॲनिमिक आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनं सांगितलं. शिबिरात त्यांचा थेंब तरंगतो आणि त्यांना सल्ला मिळतो, बीट खा. बिटाचा रंग लाल असतो, एवढाच त्याचा आणि रक्ताचा संबंध. ॲनिमिया आयता समोर सापडलेला असतो; पण ना चिठ्ठी, ना गोळी. ‘पुढे या, पुढचा नंबर!’

हे वाचून कुणी रक्त देणं थांबवू नये. धडधाकट माणसानं जरूर द्यावं, थॅलेसेमियाची पोरं त्या पिशवीवरच जगतात. फक्त माणसाला नळ समजू नये. नेदरलँड्सच्या रक्तपेढ्या नव्या दात्याचं फेरिटिन बघतात, मग दर पाचव्या दानाला पुन्हा बघतात. 15च्या खाली गेलं तर वर्षभर सुट्टी, 30च्या खाली असेल तर सहा महिने. कॅनडानं 2017 साली पुरुषांची रेघ 12.5वरून 13वर नेली आणि बायकांच्या दोन दानांमधलं अंतर वाढवलं.

आपणही वर्षातून दोन-तीनदा देणाऱ्याचं फेरिटिन तपासावं आणि डॉक्टरांनी बघून हेल्मेटऐवजी महिन्या-दोन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या द्याव्यात. गोळ्यांचा खर्च हेल्मेटपेक्षा कमी. अडचण एकच आहे: गोळ्यांच्या पाकिटावर दादांचा फोटो मावत नाही.