होकाराची परीक्षा

मनुष्यदेहात मानेइतकी सोशिक रयत दुसरी नाही. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके अवघ्या सात मणक्यांवर ती जन्मभर तोलून धरते आणि त्या डोक्यातून निघणाऱ्या यच्चयावत फर्मानांची बिनबोभाट तामिली करते. जिराफाच्याही मानेत मणके सातच असतात; परंतु साहेबांच्या मेजासमोर उभे राहून होकार भरण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नसल्याने त्याच्या मानदुखीची कैफियत कोणी ऐकलेली नाही.

महसूल खात्यात हयात घालवून पेन्शनीत निघाल्यावर माझ्या मानेने मात्र बंड पुकारले आणि मला फिजिओथेरपिस्ट बाईंपुढे रुजू व्हावे लागले. त्यांनी मला उताणे निजवून मानेखाली हवेची एक चिमुकली पिशवी सरकवली, तीत २० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब भरला आणि तिला जोडलेली तबकडी माझ्या डोळ्यांसमोर धरून त्या म्हणाल्या, "काका, डोकं उचलायचं नाही. हनुवटी किंचित आत घेऊन मानेनं नुसतं 'हो' म्हणा. काटा २२ वर जाऊन दहा सेकंद तिथंच थांबला पाहिजे."

एकाहून एक बिकट अंमलदारांना, आणि घरी त्यांच्याहूनही कडक अंमल असलेल्या सौभाग्यवतींना, ज्या इसमाने अहोरात्र होकार दिले, त्याची होकारातच परीक्षा घ्यावी, हा मला शुद्ध उपमर्द वाटला. म्हणून साहेब दौऱ्यावर आले असता द्यावा तसा एक दणदणीत होकार मी दिला. काटा उसळून २८ वर गेला, थरथरला आणि कोसळला. माझ्या गळ्यावर दोन्ही बाजूंनी ताठ उभ्या राहिलेल्या शिरांसारख्या दोऱ्यांवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हे स्नायू मध्ये पडताहेत, काका. हे त्यांचं काम नाही."

वस्तुतः हे काम मणक्यांना आतून बिलगलेल्या लाँगस कोली व लाँगस कॅपिटिस या स्नायूंचे. परंतु मानदुखीत ते मंदावतात आणि गळ्यावर मिरवणारे स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड त्यांचा कारभार बळकावतात, असे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ग्वेंडोलेन जुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आतले स्नायू इतके खोल दडलेले की, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची जबानी नोंदवण्यासाठी विद्युदग्र नाकावाटे घशाच्या मागल्या भिंतीपर्यंत उतरवावे लागले. ज्याने सरकारी कचेरी आतून पाहिली आहे, त्याला या शोधाचे नवल वाटणार नाही: काम करणारा कारकून दप्तरांच्या ढिगाआड असतो, आणि साहेबांच्या नजरेत भरतो तो निराळाच.

दोन-दोन मिलिमीटरची एकेक पायरी चढत ३० पर्यंत पोहोचायचे, तेथे दहा सेकंद टिकायचे आणि हे दहा वेळा करायचे, असा शिरस्ता ठरला. काट्याला भीडमुरवत नाही, वशिला चालत नाही. पुढे खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूला विद्युदग्रे चिकटवण्यात आली आणि त्याची व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजली जाणारी कुरबुर पडद्यावर रेघ होऊन उमटू लागली. ती रेघ शांत वाहत असता मेव्हणे दिवाळीला सहकुटुंब येणार असल्याचे मला नुसते स्मरण झाले, तोच तिने उडी घेतली आणि यंत्र किंचाळले. सौभाग्यवती शेजारच्याच खुर्चीवर होत्या. "आता काय आठवलं?" या त्यांच्या पृच्छेसरशी रेघेने दुसरी उडी घेतली.

मानेचे दुखणे पुष्कळ ओसरले. अडचण निराळीच उभी राहिली. काट्याला मंजूर असलेला होकार इतका सूक्ष्म असतो की तो समोरच्याला दिसतच नाही, आणि समोरच्याला दिसेल असा दिला तर मान पुन्हा धरते. "हो म्हणालात की नाही?" असा सवाल घरात रोज होऊ लागल्याने तूर्त मी एक तोड काढली आहे: मान शास्त्रोक्त हलवतो आणि होकार तोंडाने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देतो.