साडेपाच तास चालतील, तीन सेकंद नाही

दोन हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटले की आधी अँटेनाची चौकशी होते, आणि चहा येईपर्यंत गाडी संगणकावर घसरते. विंडोज की लिनक्स? मोदक उकडीचे की तळणीचे, या वादासारखाच हा वाद. निकाल लागावा असं कुणालाच मनापासून वाटत नसतं.

पूर्वी हौशी रेडिओवाल्याला मोर्सची कळ आणि माइक पुरे. मग पल्सारवरच्या संशोधनासाठी १९९३चं नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७मध्ये एफटी८ ही डिजिटल संदेशपद्धत आणली, आणि गप्पांचं काम संगणकाकडे गेलं. गप्पा म्हणजे तरी काय? दर १५ सेकंदांची एक पाळी, त्यात १२.६४ सेकंदांचा संदेश. कॉलसाइन, सिग्नल किती, राहता नकाशावरच्या कुठल्या चौकोनात, आणि ७३, म्हणजे रामराम. (या चौकोनांच्या हिशेबात कुलाबा आणि सदाशिव पेठ दोन्ही एमके६८मध्ये, आणि दादर मात्र एमके६९मध्ये. पुणेकरांना हे कळवण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.)

पाळी चुकवायची नाही, म्हणून संगणकाचं घड्याळ तीनेक सेकंदांनी जरी हुकलं तरी पडद्यावर शुकशुकाट. इथे आपल्याकडची एक गंमत आहे. दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर नांदवल्या, की मदरबोर्डवरच्या घड्याळाला लिनक्स जागतिक वेळ समजतं आणि विंडोज भारतीय. इकडून तिकडे गेलात की वेळ साडेपाच तासांनी सरकते. इंटरनेटने कान पिळेपर्यंत तशीच राहते. पण साडेपाच तासांना पंधरा सेकंदांनी नि:शेष भाग जातो! त्यामुळे एफटी८ला पत्ताच लागत नाही. जपान बोलतं, इटली बोलतं, सगळं झकास. बोंब होते ती नंतर, लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर नोंदी चढवताना. तिथे दोघांच्या वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळाव्या लागतात. जपानवाला रात्री बोललेला आणि आपण दुपारी. बोलणं झालं, पण पावती नाही.

निवड करायचीच तर आधी सॉफ्टवेअर बघावं. स्पर्धांचा किडा चावलेल्याला एन१एमएम लॉगर लागतो, आणि तो फक्त विंडोजवर चालतो; विषय संपला. बाकी एफटी८चं डब्ल्यूएसजेटी-एक्स किंवा एफएलडिजी तिन्ही घरांत सुखाने राहतात. मॅकवाले मुळात वाद घालत नाहीत, त्यांनी पैसे आधीच भरलेले असतात. शिवाय रेडिओच्या टेबलावरचा लॅपटॉप हा घरातून निवृत्त झालेलाच असतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला सुटल्यावर अशा कितीतरी म्हाताऱ्यांना लिनक्सचा आश्रम आपोआपच जवळचा वाटू लागला.

त्रास कुठेच चुकत नाही, त्याची जात तेवढी बदलते. विंडोजवर रेडिओची केबल शेजारच्या भोकात खोचली की कॉम तीनचा कॉम सात होतो आणि सॉफ्टवेअर 'रेडिओ कुठाय?' म्हणून विचारतं. लिनक्सला रेडिओ दिसतो, पण तुम्ही 'डायलआउट' नावाच्या गटाचे सभासद नसाल तर हात लावू देत नाही. अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीचा बाणा. मला स्वतःला हा खडूसपणा आवडतो, कारण एकदा सभासद झालात की तो पुन्हा कागद मागत नाही. आणि रविवार यातच गेला म्हणून कुणी टोकलं, तर कायदा आपल्या बाजूने आहे. हौशी रेडिओच्या व्याख्येत संभाषणाच्याही आधी स्वयंप्रशिक्षण येतं.

रेडिओलहरी मात्र पक्षपात करत नाहीत. दहा वॅटला सगळं निवांत असतं. हौसेने पॉवर पन्नासवर नेली, की लहरी यूएसबीच्या वायरीत घुसतात, माउस जागच्या जागी गोठतो आणि रेडिओ प्रक्षेपणातच अडकून बसतो. मग विंडोजवाला आणि लिनक्सवाला दोघंही वायरीवर चढवायचं फेराइटचं कडं शोधत लॅमिंग्टन रोडला एकाच दुकानाच्या पायरीवर भेटतात, आणि दुकानदार आतून माल आणेपर्यंत उबुंटू बरं की डेबियन हे सुरू होतं.